‘जरा क्लिअर करून द्या’ : फोटो करून घेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
फोटो काढून घेणारे, जुना फोटो नवा करून मागणारे आणि फ्रेम काखोटीला मारून नेणारे समस्त ग्राहक,
भिवंडी शहर व आसपासची गावे



गेल्या महिन्यात रात्री सव्वानऊला शटर अर्धं खाली ओढलं होतं. त्याच्याखालून वाकून एक मुलगा आत आला. डोळे सुजलेले, हातात मोबाइल. “काका, आजी गेली. उद्या दहावं आहे. सकाळी सातला निघायचंय, त्याच्या आत फ्रेम पाहिजे. मोठी, बारा बाय अठरा.” फोटो त्याने तिथेच व्हॉट्सॲपवर टाकला. लग्नातला ग्रुप होता. तीन रांगा, तीसएक माणसं, आणि मागच्या रांगेत दोन खांद्यांच्या मधून दिसणारी आजी.

“जरा क्लिअर करून द्या.”

हे पत्र या चार शब्दांसाठी आहे. धामणकर नाक्यावर बसून मी ते दिवसातून दहादा ऐकतो. ऐकून घेतो, मान डोलावतो, आणि गिऱ्हाईक गेल्यावर कॉम्प्युटरकडे बघून कपाळाला हात लावतो. समोर खुर्चीत बसलेल्या माणसाला हे सगळं सांगायला वेळ नसतो, आणि दु:खातल्या माणसाला तर सांगवतच नाही. म्हणून आज लिहून सांगतो.

त्या मुलाच्या आजीचा चेहरा त्या फोटोत होता साठ पिक्सेल रुंद. पिक्सेल म्हणजे रंगाचा एक ठिपका. बारा बाय अठराच्या फ्रेममध्ये चेहरा पाच इंच रुंद यायला हवा, म्हणजे इंचाला बारा ठिपके. चांगल्या प्रिंटला इंचाला तीनशे लागतात, दोनशेवरही निभावतं. बारा ठिपक्यांत डोळा म्हणजे एक काळा चौकोन. तो मोठा केला की मोठा चौकोन होतो, दुसरं काही होत नाही.

हल्ली यावर एक उपाय निघालाय, आणि तो तुमच्याही मोबाइलमध्ये असेल. फोटो टाकला की एआय तो ‘क्लिअर’ करून देतं. त्या रात्री मीही टाकला. खोटं कशाला बोलू, घाई मलाही होती. दहा सेकंदांत आजी लख्ख झाली. पापणीचा केस न् केस मोजता येत होता. मुलाने बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, “छान आलाय. पण ही आजी नाही.” मग त्याचं त्यालाच सापडलं. आजीच्या हनुवटीवर आणि भुवयांच्या मध्ये गोंदण होतं, ते गेलं होतं. मशीनला तो डाग वाटला. वर, समोरचे चार दात पडलेल्या बाईला मशीनने बत्तीशी बसवून दिली होती.

मशीनची यात चूक नाही. फोटोत जे नव्हतं ते त्याने अंदाजाने भरलं, आणि त्याने पाहिलेल्या हजारो बायकांत आमच्या आगरी घरातल्या गोंदणवाल्या म्हाताऱ्या फारशा नसाव्यात.

मी त्याला एकच विचारलं, कोणाच्या घरी कागदावरचा फोटो आहे का? तीन-चार फोन झाले. काल्हेरच्या आत्याकडे बारशाचा अल्बम निघाला. अकरा वाजता तिचा मुलगा बाइकवरून अल्बम घेऊन आला. चार बाय सहाचा साधा फोटो, मांडीवर बाळ घेतलेली आजी, चेहरा इंचभर रुंद. तो इंच मी सहाशे डीपीआयवर स्कॅन केला, म्हणजे सहाशे ठिपके मिळाले. मोबाइलमधल्या फोटोच्या दसपट. गोंदण होतं, पडलेले दात होते, नाकातली मोरणी होती. बारा बाय अठरा नको, दहा बाय बारा करू म्हटलं, तो हो म्हणाला. सकाळी पावणेसातला फ्रेम गेली.

तेव्हा पहिली विनंती ही. घरात कागदावरचा फोटो असेल तर तो आणा. निगेटिव्ह असेल तर आधी ती आणा. जुन्या चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो अडकून बसला असेल तर ओढून काढू नका, अख्खा अल्बम घेऊन या. तो गोंद तीस-चाळीस वर्षांत पिवळा पडून फोटोच्या पाठीला धरून बसलेला असतो, आणि नख लावून काढताना फोटो बरोबर चेहऱ्याच्या जागी फाटतो. ओला करून सोडवणारेही भेटले आहेत मला. आणि कृपा करून जुन्या फोटोचा मोबाइलने, ट्यूबलाइटखाली, काचेसकट काढलेला फोटो पाठवू नका. त्यात तुमची ट्यूबलाइट माझ्याकडे येते, वडील येत नाहीत.

आता व्हॉट्सॲपबद्दल, कारण अर्धी भांडणं तिथली आहेत. तुमच्या साध्या मोबाइलचा बारा मेगापिक्सेलचा फोटो चार हजार बाय तीन हजार ठिपक्यांचा असतो. म्हणजे एक कोटी वीस लाख. नेहमीसारखा व्हॉट्सॲपवर पाठवला की तो आकसून साधारण सोळाशे बाय बाराशेचा होतो, म्हणजे एकोणीस लाख. सहातले पाच भाग वाटेतच गळले. 2023 पासून तिथे ‘एचडी’चं बटण आलंय, त्याने बरं जातं. पण सगळ्यात चांगलं म्हणजे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. पेपरक्लिपचं चिन्ह दाबा, डॉक्युमेंट निवडा, त्यातून फोटो निवडा. घरातल्या सातवी-आठवीतल्या कोणालाही सांगा, ते करून देतील. स्टेटसला ठेवलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट, त्यावर वरच्या कोपऱ्यात बॅटरी अकरा टक्के, असा फोटो लग्नाच्या वाढदिवसाच्या फ्रेमसाठी आला होता. बॅटरी मी काढली. बाकीचं काय काढणार?

आता जरा अवघड विषय.

“थोडी गोरी करा.” हे आई म्हणते, मुलगी समोर स्टुलावर बसलेली असते. स्थळासाठी फोटो काढायचा असतो. मुलगी काही बोलत नाही, पायाच्या अंगठ्याकडे बघत असते. मी तेव्हा लाइट सरकवण्याचं निमित्त काढून पाठ फिरवतो. पंचवीस वर्षं झाली, पण त्या क्षणी कुठे बघावं ते मला अजून कळलेलं नाही.

ही मागणी फोटोशॉपने आणली असं समजू नका. फोटोशॉप 1990 सालचं. त्याच्या आधी माझे वडील ‘टचिंग’ करायचे. उताराच्या डेस्कवर निगेटिव्ह ठेवायची, खालून आरशाने उजेड, आणि टोक काढून सुईसारखी केलेली पेन्सिल. निगेटिव्हवर पेन्सिलची रेघ पडली की प्रिंटवर तेवढी जागा उजळते. डोळ्यांखालची वर्तुळं, देवीचे व्रण, कपाळाची आठी, सगळं बारीक बारीक टिंबांनी भरायचं. एका चेहऱ्याला तास जायचा. तेव्हाही लोक गोरं करून मागायचे. वडील ऐकल्यासारखं करायचे आणि प्रिंट किंचित कमी एक्स्पोज करून द्यायचे. गिऱ्हाईक खूश. नंतर घरी म्हणायचे, साडी पण गोरी झाली, बघितलं नाही त्यांनी.

आणि दोष सगळा आपल्याच डोक्यात होता असंही नाही. रंगीत फिल्म आणि रंगीत कागद ज्यांनी बनवले त्यांनी माप धरलं ते गोऱ्या कातडीचं. कोडॅक कंपनी लॅबना रंग जुळवायला एका बाईच्या फोटोचं कार्ड द्यायची. पहिल्या बाईचं नाव शर्ली, म्हणून सगळी कार्डं ‘शर्ली कार्ड’. शर्ली गोरी. तिचा रंग बरोबर आला की मशीन बरोबर. मग आपला सावळा माणूस त्या फिल्मवर काळाठिक्कर तरी यायचा, नाहीतर विटकरी. गंमत अशी की ही फिल्म सुधारायला भाग पाडणाऱ्यांत चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिराती करणारे होते, असं सांगतात. त्यांना गडद तपकिरी रंगातले फरक दिसायला हवे होते. माणसांच्या तक्रारीने जे झालं नाही ते कपाटांनी केलं.

आजच्या कॅमेऱ्यात ती अडचण जवळजवळ नाही. सावळ्या चेहऱ्यावर बाजूने मऊ उजेड टाकला, मागचा पडदा फार पांढरा ठेवला नाही, तर असा सुंदर उतरतो की त्यावर हात फिरवायचं पाप करू नये. ते मी करून देतो, त्याचे जादा पैसे घेत नाही. पण तुम्ही ‘अजून एक पॉइंट’ म्हणता. मी एक पॉइंट वाढवला की गालाची कड जाते, आणखी एक वाढवला की नाक सपाट होतं, तिसऱ्याला चेहरा पिठात बुडवून काढल्यासारखा, आणि मान, हात मूळ रंगाचे. ‘फेअर अँड लव्हली’ने 2020 साली स्वत:च्या नावातलं ‘फेअर’ काढून टाकलं. इतकी वर्षं तेच विकून पोट भरणाऱ्यांना जे सोडवलं, ते आपल्याला का सुटू नये?

माझा नियम सांगून ठेवतो, म्हणजे काउंटरवर वाद नको. पंधरा दिवसांत आपोआप जाणारी गोष्ट मी काढतो. मुरूम, सर्दीने लाल झालेलं नाक, काल रात्रीच्या हळदीतल्या जागरणाचे डोळे, दाढी करताना लागलेलं. जन्मभर राहणारी गोष्ट ठेवतो. तीळ, व्रण, गोंदण, रंग, वयाच्या सुरकुत्या. सुरकुत्या हलक्या करतो, पुसत नाही. पंच्याहत्तर वर्षांच्या काकांना पंचेचाळीसचं करून एकदा दिलं होतं, त्यांच्याच आग्रहाने, पंच्याहत्तरीच्या बॅनरसाठी. नाक्यावर बॅनर लागला तेव्हा लोक विचारत होते, हा त्यांचा कितवा मुलगा?

प्रिंटबद्दल थोडं. “मोबाइलमध्ये किती चकाचक दिसतो, कागदावर डल्ल का?” कारण मोबाइल स्वत: उजेड फेकतो आणि कागद तुमच्या खोलीतला उजेड परत करतो. तुमचा ब्राइटनेस शंभरावर, खोलीत झिरोचा बल्ब, मग कागद काय करणार? मोबाइलचा ब्राइटनेस निम्म्यावर आणा आणि प्रिंट दाराशी, दिवसाच्या उजेडात बघा. तरी फरक वाटला तर मी पुन्हा काढून देतो. मोठी फ्रेम असेल तर आधी त्यातलाच चेहऱ्याचा एक तुकडा छापून मागा, टेस्ट म्हणून. हे मागणारं गिऱ्हाईक मला वर्षातून दोनदा भेटतं, आणि ते गिऱ्हाईक मला फार आवडतं.

डोकी कापली जातात त्याचंही असंच. मोबाइलचा फोटो चारास तीन या मापाचा, चार बाय सहाचा कागद तीनास दोन. सहा इंच उंच छापला तर रुंदी साडेचार होते, कागद चारचा. अर्धा इंच कुठून तरी जाणार, आणि कडेला उभ्या असलेल्या काकूंना वाटतं की मी मुद्दाम केलं. मोठ्या कॅमेऱ्याचा फोटो आठ बाय दहात बसवताना तर लांबीचे दोन इंच जातात. तेव्हा साइज आधी फोटो बघून ठरवा, फ्रेम बघून नंतर. तुम्ही मात्र आधी फ्रेम विकत घेता आणि फोटो तिच्यात कोंबायला आणता.

अर्जंट आणि लॅब यांतला फरकही कोणी विचारत नाही. माझ्या दुकानात दहा मिनिटांत निघतो तो इंकजेटचा प्रिंट, शाईचा. लॅबमधून येतो तो फोटोच्या खऱ्या कागदावर लेझरने उमटवून केमिकलमध्ये धुतलेला, त्याला एक-दोन दिवस लागतात. फॉर्मला लावायचा असेल तर पहिला पुरे. भिंतीवर वीस वर्षं राहायचा असेल तर दुसरा घ्या, आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर नको, ऊन कोणालाच सोडत नाही. फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंटची पट्टी टाकायला सांगा, थोडे पैसे जास्त पडतील. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. पट्टी नसेल तर चार महिन्यांची ओल काचेत आणि फोटोत शिरते, फोटो काचेला चिकटतो, मग दोघांना वेगळं करणारा अजून जन्मायचाय. चिकटलाच तर काचेसकट आणा, वरून स्कॅन करू. ऐंशीच्या आसपासचे रंगीत फोटो लालसर झालेत ते धुराने नव्हे, त्या कागदांतला निळसर रंग आधी उडत असे. तो बराचसा परत आणता येतो. त्यांच्याही आधीचे ब्लॅक अँड व्हाइट मात्र बहुतेक धडधाकट आहेत. जे पिवळे पडले ते नीट धुतले गेले नव्हते म्हणून. वडील पाण्याची बोंब असताना पिंपभर पाणी प्रिंटसाठी राखून ठेवायचे, त्यावरून आईची बोलणी खायचे.

फॉर्मवाल्यांसाठी दोनच गोष्टी. बँकेच्या परीक्षांना फोटो 20 ते 50 केबीत लागतो, म्हणून तोच लहान केलेला फोटो जपून ठेवता आणि मोठी फाइल पुसून टाकता, मग नोकरी लागल्यावर तोच 50 केबीचा फोटो पेढ्यांसह बॅनरसाठी येतो. मोठी फाइलही ठेवा. आणि पासपोर्ट सेवा केंद्रात मोठ्यांचा फोटो तिथेच काढतात, त्यासाठी माझ्याकडे पैसे घालवू नका. चार वर्षांखालच्या बाळाचा मात्र न्यावा लागतो, पांढऱ्या पडद्यावर. बाळ झोपेतून उठून, पोटभर पिऊन आलेलं असावं. बाकीचं आम्ही खुळखुळा वाजवून बघू.

“आधारवरची जन्मतारीख तेवढी बदला, तुम्हाला फोटोशॉप येतं ना.” येतं. करणार नाही. मार्कशीट, लाइटबिल, भाडेकरार, कशावरचंच. याबाबत पुन्हा विचारू नये.

तुमच्याबद्दलच्या तक्रारी एवढ्या मांडल्या तर आमच्या चुकाही सांगायला हव्यात. तुमचे फोटो न विचारता शोकेसमध्ये लावायची आमच्या धंद्याची जुनी खोड आहे. माझ्या काचेत एका नवरीचा फोटो तीन वर्षं होता. एक दिवस ती स्वत: आली. लग्न मोडलं होतं. एवढंच म्हणाली, “दादा, तो काढाल का?” मी स्टूल घेऊन चढलो आणि तिच्यासमोर काढला, तेव्हा मला माझीच लाज वाटली. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक ग्राहक असतो. आम्ही नव्हे. तेव्हा फोटो काढून झाला की फाइल मागा, हक्काने मागा. तुमचा चेहरा आमच्या काचेत नको असेल तर तसं सांगा, पावतीवर लिहून घ्या. पण फाइल मागायला सहा वर्षांनी येऊ नका. हार्डडिस्क उडतात, माझ्या दोन उडाल्या आहेत.

आणि “दोनच मिनिटांचं काम आहे” हे म्हणणं तेवढं सोडा. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाडांचे भाऊ नारायण दाजी त्या सुरुवातीच्या फोटोवाल्यांपैकी. त्या काळात फोटोसाठी माणसाला कितीतरी सेकंद दगडासारखं बसावं लागायचं, मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकू असायचा. आज काढायला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. पण केसांच्या बटांच्या कडेने बॅकग्राउंड कापायचं तर अजूनही अर्धा तास बसावं लागतं, आणि ज्या दिवशी मी ते दोन मिनिटांत करतो त्या दिवशी तुमचे कान जातात.

शुक्रवारी शहरातले यंत्रमाग बंद असतात, त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. निवांत बोलायचं असेल, जुना अल्बम दाखवायचा असेल, तर मंगळवारी-बुधवारी दुपारी या. मेट्रोच्या खांबांमुळे पाटी दिसत नाही, कोणालाही विचारा. आईवडिलांना घेऊन या. फोटो काढायचाच असं नाही, पण आलेत तर एक काढून ठेवू. माझ्या स्वत:च्या आईचा शेवटचा चांगला फोटो मतदार ओळखपत्रावरचा आहे. घरात दोन पिढ्यांचा स्टुडिओ असून.

कळावे, लोभ आहे तो वाढावा.

आपला,
धामणकर नाक्यावरचा एक फोटोवाला

ता. क. काउंटरखालच्या खणात न नेलेल्या फोटोंची पाकिटं साठली आहेत. त्यांतली बरीचशी 2020 च्या मार्चमधली, मागावर काम करणाऱ्या पोरांची. गॉगल लावून, एकच चेकचा शर्ट आळीपाळीने घालून काढलेले फोटो. गावी पाठवायचे होते. मग लॉकडाउन लागला, मे महिन्यात भिवंडी रोड स्टेशनहून गोरखपूरची गाडी सुटली, आणि पाकिटं राहिली ती राहिलीच. पैसे पूर्ण मिळालेले आहेत. तुमच्या कारखान्यात, खोलीत कोणी ओळखीचं असेल तर निरोप द्या. पावती हरवली असली तरी चालेल, चेहरा दाखवला की पाकीट काढून देतो.